दुधाचा पेला आणि न दिसणारी गाठ

मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला नवल वाटायला नको. लातुरात शिकवणीच्या पोरांची मेस चालवायची तर माणसानं संशयी असावंच लागतं. दूधवाल्याच्या कॅनमध्ये बोट बुडवून बघितल्याशिवाय मी दूध घेत नाही. तुरीची डाळ हातावर घेऊन, फुंकून, दाताखाली धरून मगच पोतं उतरवू देते. एका माणसाच्या ताटात दोघं जेवायला आलेत हे मला जिना चढण्याच्या आवाजावरून कळतं. त्यामुळे मला जो आजार झाला तो माझ्याच पत्रिकेत लिहिलेला असावा असं मला वाटतं, कारण तो आजार ओळखायचा म्हणजे आधी घरातल्या माणसांवर संशय घ्यावा लागतो.

हा आजार फार थोड्यांना होतो म्हणे. ज्यांना होतो त्यांना लोक आधी येडं म्हणतात, मग अंगात आलं म्हणतात आणि सगळ्यात शेवटी पोटाचा फोटो काढतात. अशा कुणाच्या हाती हे पडलं तर पडो, म्हणून लिहिते.

तू कोण?

सुरुवात सकाळच्या कणकेपासून झाली. मी उठून, चहा न घेता, आधी कणीक मळते. त्या दिवशी परातीत हात घातला आणि हात थरथरायला लागले. ऐन थंडीत पाठीवरून घाम निथळला. समोर एक शेगडी, मला दोन दिसायला लागल्या. शकिलाबी, जी माझ्याकडे कित्येक वर्षं पोळ्या लाटते, ती दारातून आत आली तर मी तिला विचारलं, "तू कोण? माझ्या घरात कामून घुसलीस?" हे मला आठवत नाही, तिनंच नंतर सांगितलं. तिनं मला खाली बसवलं, गोड चहा पाजला, आणि थोड्या वेळानं मी कणीक मळायला लागले जणू काही झालंच नाही.

आम्ही दोघी हसलो. पुढच्या आठवड्यात तेच झालं. मग गुरुवारच्या उपासाला झालं. भूक इतकी लागायची की पोरांना वाढता वाढता मी चार घास तोंडात टाकायची, वजन फुगत गेलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी वजन बघितलं आणि म्हणाले, साखर बंद करा, टेन्शन घेऊ नका. शेजारीण म्हणाली, बाई, हे डॉक्टरचं काम न्हाई, जळकोटकडं एक बाबा आहे. मी साखर बंद केली. बाबाकडे गेले नाही, कारण बाबावर तर माझा पहिल्यापासूनच भरोसा नाही.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, बसवर कंडक्टर होते. नोकरीभर "पुढं सरका, पुढं सरका" ओरडून त्यांचा शब्दांचा साठा संपला असावा, कारण घरी ते बोलतच नाहीत. त्यांना जुनी शुगर आहे. सकाळी एक गोळी घेतात, आणि बोट टोचून शुगर बघायचं छोटं मशीन आहे, ते कपाटात असतं.

एका सकाळी मी कोथिंबीर निवडता निवडता आडवी झाले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात साखर होती आणि मालकांच्या हातात ते मशीन. त्यांनी माझं बोट टोचलं होतं. "एक्केचाळीस," ते म्हणाले. "लई कमी हाय. नांदेडला जावं लागंल."

दुसरी कुणी असती तर नवऱ्याचं कौतुक करती. माझ्या मनात आलं, शुगर यांना, मशीन यांचं, मग माझं बोट टोचायचं यांना सुचलं कसं?

डॉक्टरांचा प्रश्न

नांदेडच्या डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग मालकांना म्हणाले, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?" ते बाहेर गेले. दार लागलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "ताई, तुमच्या घरात शुगरची गोळी कोण घेतं?"

"मालक घेतात."

"तुमच्या पोटात ती जाते का? कधी चुकून? किंवा कुणी देत असंल?"

मी म्हणाले, "कुणी कशाला देईल?"

"विचारावं लागतं," ते म्हणाले. "शुगर अशी पडते तेव्हा कारणं थोडीच असतात. एक तर पोटात स्वादुपिंडावर बारीक गाठ असते, ती नको तेव्हा इन्सुलिन सोडत राहते. नाहीतर बाहेरून औषध जातं. दोन्हीत रक्ताचे आकडे बरेचसे सारखेच दिसतात. म्हणून आधी एक गोष्ट बाद करायची, मग दुसरी शोधायची."

डॉक्टरांचं यात काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला ते बघा. दुधाच्या कॅनमध्ये बोट बुडवणाऱ्या बाईला. बाहेर आले तेव्हा मालक बाकावर बसून माझी पिशवी मांडीवर घेऊन होते. "काय म्हणले?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "काही न्हाई." लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याशी इतकं थंड बोलले असेन.

दूध

मेसचं आवरलं की मालक मला पेलाभर दूध देत. ही जुनी पद्धत, दिवसभर मी सगळ्यांना वाढते म्हणून तेवढा एक पेला ते मला वाढतात. नांदेडहून आल्यावर मी त्या दुधाकडे नीट बघितलं. दूध गोड होतं.

"साखर टाकली का?"

"न्हाई."

"गोड लागतंय."

"वेलदोडा हाय त्यात," ते म्हणाले आणि उठून गेले.

अहो, मी रोज पन्नासेक माणसांचा स्वयंपाक करते. मला वेलदोडा आणि साखर यातला फरक कळत नाही? माणूस धडधडीत खोटं बोलत होता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पायांचा आवाज न करता आत गेले. मालक ओट्याशी पाठमोरे उभे होते आणि खलबत्त्यात काहीतरी पांढरं कुटत होते.

"काय करून राहिलात?"

ते दचकले. "वेलदोडा," म्हणाले, आणि खलावर हात धरला.

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. गोळी कडू असते, कडू झाकायला गोड. रात्री दूध, सकाळी मी आडवी. त्या रात्री दूध मी मोरीत ओतलं. पेल्याच्या तळाला राहिलेला साका चमच्यानं खरवडून एका डबीत भरला, पुरावा म्हणून. मग रोज तेच. ते दूध देत, मी "पिते" म्हणत आणि ओतून येत.

का करतील ते असं, याचं उत्तर मात्र मला सापडत नव्हतं. मेस माझ्या नावावर आहे म्हणून? मी फार बोलते म्हणून? पोळ्या लाटताना, भाजी चिरताना माझं मन तेच तेच उगाळत होतं. आणि मी आजाराने मरणार की नाही यापेक्षा मला एकच गोष्ट हवी होती, की हा माणूस यात नाही हे मला कुणीतरी दाखवून द्यावं. ते बोलून दाखवायची सोय नव्हती. ज्याला सांगायचं तोच तो होता.

दूध सोडल्यावर मी बरी व्हायला हवी होते. उलट झटके वाढले. पूर्वी आठवड्यातून एकदा, आता एक दिवसाआड. त्याचाही अर्थ मी लावला. दुधातून जमंना म्हणून आता वरणातून देत असतील.

नांदेडला, उपाशी

डॉक्टरांनी दवाखान्यात भरती केलं. आता काही खायचं नाही, जास्तीत जास्त तीन दिवस. पाणी चालेल, बिनसाखरेचा कोरा चहा चालेल. शुगर पडली की लगेच रक्त घेणार आणि साखर देणार. त्याच रक्तातून गोळीचीही तपासणी होणार, ती मोठ्या शहरातल्या लॅबला जाणार. मी मनात म्हणाले, छान झालं. इथं यांचा हात लागणार नाही. इथं पडले तर पोटात गाठ आहे, आणि नाही पडले तर घरात.

सोबतीला मुदखेडहून माझी थोरली बहीण आली, शोभाक्का. मालक बाहेर व्हरांड्यात सतरंजी टाकून होते. दर थोड्या तासांनी सिस्टर येऊन बोट टोचायची. पहिला दिवस गेला, शुगर ठीक. दुसरा गेला, पुन्हा ठीक. मी पाय लांब करून बसलेली, चक्क गप्पा मारत होते. घरी एका रात्रीत जमिनीवर येणारी बाई इथं उपाशी राहून टवटवीत! डॉक्टरही बुचकळ्यात पडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तपासणी थांबवली आणि म्हणाले, "घरी काय वेगळं होतं, याचा नीट विचार करा."

मी विचार आधीच केलेला होता. मालक आत आले आणि पिशवी भरायला लागले तेव्हा मी सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "तीन दिवस उपाशी राहून मी इथं पडंना. घरचं खाल्लं की पडते. दुधात काय कुटून घालत होतात ते आता इथंच सांगा."

शोभाक्काच्या हातातला टॉवेल खाली पडला. शेजारच्या पलंगावरच्या आजी उठून बसल्या.

मालकांनी पिशवी भरणं थांबवलं. "साखर," ते म्हणाले.

"खोटं."

"तुला साखर खाल्ली की बरं वाटतंय, मी बघितलं होतं. डॉक्टरनं बंद केली म्हणून तू खाईना. म्हणून बारीक करून घालत होतो. तळाला दिसू नये म्हणून."

"मग विचारलं तेव्हा वेलदोडा कामून म्हणलात?"

"तू ओरडली असतीस," ते म्हणाले. आणि पिशवी पलंगावर ठेवून निघून गेले. संध्याकाळच्या गाडीनं लातूरला गेले, हे शोभाक्काला कुणीतरी सांगितलं.

मला वाटलं, बघा, पळाला.

मुंग्या

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर चादर बदलायला आली आणि म्हणाली, "मावशी, उशीखाली या मुंग्या कशाच्या?"

उशीखाली खडीसाखरेची पुडी होती. शोभाक्का कुळदैवताचा प्रसाद घेऊन आली होती. सकाळ-संध्याकाळ ती माझ्या कपाळाला भंडारा लावून एक खडा तोंडात घालायची, आणि मधेच भीती वाटायला लागली तर मी स्वतःच एखादा खडा जिभेखाली धरायची.

"उपाशी राहायचं होतं ना तुम्हाला?" सिस्टर कपाळावर हात मारून म्हणाली.

"उपाशीच होते की," मी म्हणाले. "प्रसाद म्हणजे काय खाणं असतं का?"

शोभाक्कासुद्धा माझ्याच बाजूनं भांडायला उभी राहिली. प्रसादानं उपास मोडत नाही, हे आमच्याकडं लहान पोराला माहीत असतं. दूधवाल्यावर, डाळवाल्यावर, सख्ख्या नवऱ्यावर डोळा ठेवणाऱ्या मला प्रसादावर संशय घ्यायचं सुचलंच नाही.

सिस्टरनं माझी पिशवी झटकली तर त्यातून ती पुराव्याची डबी निघाली. तिलाही मुंग्या लागल्या होत्या. झाकणाच्या कडेनं आत-बाहेर करत होत्या. साखर होती म्हणजे. माणूस खरं बोलत होता. पण माझं डोकं बघा. मी म्हणाले, "गोळी साखरेत मिसळली असली तरी मुंग्या येणारच ना?" सिस्टरनं माझ्याकडे असं बघितलं की मी उशी उचलून मुंग्या झटकायला लागले.

डॉक्टरांनी तपासणी पुन्हा लावली. या वेळी शोभाक्काला घरी पाठवलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या डोळ्यांपुढे दोन-दोन सिस्टर आल्या. मी त्यांना मेसची पोरं समजून वरण वाढायला उठले म्हणे. रक्त घेतलं, सलाईनमधून साखर दिली. इथं मालक नव्हते, दूध नव्हतं. तरी मी पडले.

दूध ओतायला लागल्यावर झटके का वाढले, तेही मला त्या पलंगावर पडल्या पडल्या समजलं. तो पेलाच रात्रभर मला धरून ठेवत होता.

फोटोत काही नाही

आता गाठ सापडायला हवी होती. सीटी स्कॅन केलं. शिरेतून औषध गेलं तसं सगळं अंग गरम झालं. रिपोर्ट आला, गाठ दिसत नाही. मग एमआरआय, त्या बोगद्यात हातोडे मारल्यासारखा आवाज. तिथंही नाही. "फार बारीक असली की लपते," डॉक्टर म्हणाले. "असंल, पण कुठं आहे ते कळल्याशिवाय सर्जन पोट उघडणार नाहीत. चाचपडत कापायची ही जागा नव्हे."

"आणि नसलीच तर?"

"गोळीच्या तपासणीचा रिपोर्ट अजून यायचाय," ते म्हणाले.

एवढं वाक्य पुरलं. मुंग्यांनी पुसलेलं सगळं पुन्हा उमटलं. मी पडले त्याच्या दोनच दिवस आधी मालक इथं होतेच की. कोरा चहा त्यांनीच थर्मासमध्ये आणला होता. मला माझाच राग येत होता, पण संशय काही राग आला म्हणून जात नाही. तो खोकल्यासारखा असतो, दाबला की जास्त येतो.

शेवटचा उपाय म्हणजे तोंडातून नळी घालून पोटाच्या आतून सोनोग्राफी. नळीच्या टोकालाच सोनोग्राफी असते, ती स्वादुपिंडाच्या अगदी जवळ जाते. त्या सकाळी सहीसाठी मालकांना बोलावलं होतं. ते आले. गालफडं बसलेली, ओठ कोरडे. सही करायच्या आधी पाणी प्यायले, सही करून प्यायले, माझ्या स्ट्रेचरजवळ येऊन उभे राहिले आणि परत नळाकडे गेले.

"इतकं पाणी कामून पिताय?" मी विचारलं.

"काही न्हाई."

सिस्टरला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं त्यांचं बोट टोचलं. आकडा बघून तिनं मशीन पुन्हा पुसून दुसऱ्या बोटावर लावलं. "काका, गोळी घेत नाही का तुम्ही?"

"सोडल्या," मालक म्हणाले. "घरात ठेवल्याच न्हाईत. सगळ्या टाकून दिल्या."

"कशाला?" मी स्ट्रेचरवर उठून बसले.

ते भिंतीकडे बघून बोलले. "घरात गोळी नसली अन् तरी तू पडलीस, तर डॉक्टरला खरं कळंल. तुला पण."

मला आत न्यायची वेळ झाली होती. चाकं फिरली. आत घशात औषधाचा फवारा मारला, दातांमध्ये प्लास्टिकची कडी बसवली, आणि मी आयुष्यात कधी मागितलं नाही ते देवाकडे मागितलं. देवा, माझ्या पोटात गाठ असू दे. जिथं कुठं असंल तिथं असू दे, पण असू दे.

जागी झाले तेव्हा डॉक्टर स्क्रीन वळवून उभे होते. करड्या धुरकट रंगात एक काळसर गोल. "हरभऱ्याएवढी," ते म्हणाले. "स्वादुपिंडाच्या मधल्या भागात."

"नक्की? सावली तर न्हाई?"

"नाही."

"परत दाखवा."

त्यांनी परत दाखवली. दुसऱ्या बाजूनंही दाखवली. मी रडायला लागले. त्यांना वाटलं मी घाबरले. "रडू नका ताई, अशी गाठ बहुतेक वेळा साधी असते, काढली की संपलं." मी म्हणाले, "मी आनंदानं रडतेय," आणि त्यांनी सिस्टरकडे बघितलं, भुलीचं औषध जास्त झालं का म्हणून. गोळीच्या तपासणीचा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला. रक्तात गोळीचा मागमूसही नव्हता. तोवर मला त्याची गरज उरली नव्हती.

नंतर

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, मी झोपलेली होते. पोट उघडल्यावर सर्जननी सोनोग्राफी थेट स्वादुपिंडावर ठेवून पुन्हा खात्री केली म्हणे. दुसऱ्यांदा बघून घेणारा माणूस मला आवडतो. गाठ शेंगेतून दाणा काढावा तशी निघाली. पोटातल्या नळ्या बरेच दिवस होत्या, त्यांचा त्रास झाला, खोकला आला की जीव जायचा. पण ऑपरेशननंतर पहिल्या सकाळी सिस्टरनं बोट टोचलं आणि आकडा ऐकून मी तो तिच्याकडून दोनदा वदवून घेतला.

ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. उपाशी म्हणजे उपाशी, देवाघरचा खडासुद्धा नाही. पहिल्या फोटोत गाठ दिसली नाही म्हणजे ती नाहीच असं धरू नका, पुढं काय करता येईल ते विचारा. आणि डॉक्टर घरातल्या गोळ्यांबद्दल विचारतील तेव्हा खरं उत्तर द्या, पण तो प्रश्न घरी घेऊन जाऊ नका. त्यांचं काम असतं ते. आपल्याला त्या घरात राहायचं असतं.

मालकांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. लातूरला आलो त्या दिवशी त्यांनी नवीन पाकीट आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "हे तुझ्याजवळ ठेव," म्हणाले. "मसाल्याच्या कपाटात, कुलपात. रोज तूच देत जा."

"अहो, आता त्याची काय गरज हाय? गाठ निघाली ना माझी!"

"तुला नसंल," ते म्हणाले. "मला हाय."

मी मेसवाली, बोलायला कुणाला हार जाणारी नाही. त्या दिवशी मात्र मी पाकीट उचललं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

तेव्हापासून रोज सकाळी, कणीक मळायच्या आधी, मी चहा घेते आणि कुलूप काढते. मालक ओट्याशी येऊन तळहात पुढं करतात. मी गोळी ठेवते. कोणती ठेवली ते ते बघत नाहीत. हात तसाच तोंडाकडे नेतात आणि वर पाणी पितात.